वीकांताला चोंगचिंग: इथे तळमजला नक्की कुठला?

चेंगदूकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीकडचा, चेंगदूला येऊन दीड वर्ष झालं, मशीन टूल्सच्या कंपनीत आहे. इथे आजवर वाचनमात्रच होतो पण मागच्या वीकांताला जी काही फजिती झाली ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये, आणि घरी फोनवर सांगायला गेलो तर आई म्हणते आधी नीट जेवतोस का ते सांग. म्हणून हा धागा. फोटो चढत नाहीयेत, व्हीपीएन रडतंय, जमेल तसे टाकतो.

तर चोंगचिंग. (उच्चार छुंगछिंगच्या जवळ जातो, पण मी आपला चोंगचिंगच लिहिणार, आधीच सांगतो.) आमच्या चेंगदूपासून तीनेकशे किलोमीटर. सगळ्यात फास्ट ट्रेन चेंगदू पूर्व स्टेशनवरून शाफिंगपा स्टेशनला ६२ मिनिटांत पोचते, म्हणजे सांगली-कोल्हापूर एसटीला लागतो त्याच्या आसपासच वेळ. सोबत ऑफिसातला नागपूरचा मित्र होता, त्याला इथे विदर्भवीर म्हणू. त्याने ट्रेनमध्ये बसल्या बसल्या जाहीर केलं की चोंगचिंगचं हॉटपॉट म्हणजे आमच्या सावजीपुढे वरणभात. हे वाक्य लक्षात ठेवा.

चेंगदू सपाट आहे, पुण्याच्या पेठा इस्त्री करून पसरल्यासारखं. चोंगचिंगमध्ये सपाट असं काही नाहीच. यांगत्झे आणि च्यालिंग या दोन नद्यांच्या बेचक्यात डोंगराचं एक लांबट नाक आहे, त्याला युचोंग म्हणतात, आणि सगळं जुनं शहर त्या नाकावर एकावर एक चढवलेलं. वरचं अर्धं शहर आणि खालचं अर्धं शहर असे शब्दच आहेत तिथे रोजच्या बोलण्यात. म्हणजे आपल्याकडे नदीच्या अलीकडे-पलीकडे म्हणतात तसं तिथे वर-खाली.

आम्ही एक होमस्टे बुक केला होता, जुन्या बाजाराजवळ, नकाशावर मेट्रोपासून ३०० मीटर. गूगल मॅप इथे कामाचा नाही, आमाप म्हणून चिनी अ‍ॅप आहे ते वापरतो आम्ही. चालत गेलो, अ‍ॅपमधली बाई म्हणाली पोचलात. पोचलो कुठे, तर एका पुलाच्या कठड्याशी. डावीकडे हवा, उजवीकडे भिंत. विदर्भवीर कठड्यावरून वाकून म्हणाला, "बे, ते खाली दिसून राह्यलं ना, ते तर नाही?" खाली म्हणजे साधारण पंधरा मजले खाली एक गल्ली, तिथे लोक भाजी घेतायत.

मालकीणबाईला मेसेज केला. तिने व्हॉइस मेसेजेसचा धडाकाच लावला, सगळे तिथल्या बोलीत. ट्रान्सलेट करणाऱ्या अ‍ॅपने जे मराठी काढलं ते असं: "सतराव्या मजल्यावर बाहेर या, रस्ता ओलांडा, पहिल्या मजल्यावर जाऊ नका, तो पहिला मजला नाही." आम्हाला वाटलं अ‍ॅप गंडलं. नाही हो, शब्द न् शब्द बरोबर होता!! पुढची चाळीस मिनिटं आम्ही जिने चढलो, उतरलो, एका मॉलमधून घुसून भलत्याच रस्त्यावर निघालो, एका पार्किंगमध्ये गेलो तर समोर बसस्टॉप. शेवटी एका दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर लसूण सोलत बसलेल्या एका आजीला फोन दाखवला. तिने फोनकडे बघितलंसुद्धा नाही. आमच्या सॅककडे बघितलं, लसणाची पाटी दारात सरकवली, हात पुसले आणि चालायला लागली. एका बिल्डिंगमध्ये शिरली, लिफ्टने खाली नेलं, बाहेर काढलं तर रस्ता, रिक्षा नाहीत एवढंच, बाकी गाड्या झाडं शाळेची पोरं सगळं. तो ओलांडून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये पुन्हा चार मजले खाली. दारापाशी सोडलं आणि काही न बोलता परत गेली लसणाकडे. बहुतेक दिवसातून दहा जणांना पोचवत असेल.

आणि एवढं करून मालकीणबाईने आमचे पासपोर्ट बघितले आणि कपाळाला हात लावला. परदेशी पाहुण्यांची पोलिसात नोंद करावी लागते, ती तिच्या सिस्टिममध्ये होईना. बुकिंग घेताना हे कुठे लिहिलं नव्हतं. बिचारीने पैसे लगेच परत केले, वर दोन संत्री दिली. ती संत्री खात आम्ही पुन्हा तेच सगळं उलट चढून वरच्या शहरात आलो आणि एका मोठ्या हॉटेलात निमूट दुप्पट भाडं भरलं.

दुपारी लीत्झपा. हे तुम्ही सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बघितलेलं आहे, बिल्डिंगच्या पोटातून ट्रेन जाते ते. लाईन २, मोनोरेल. बिल्डिंग १९ मजल्यांची, स्टेशन सहाव्या ते आठव्या मजल्यावर. खाली रस्त्याकडेला त्यासाठी खास मोठा कट्टा बांधलाय आणि त्या कट्ट्यावर शेकडो माणसं आ वासून उभी. अक्षरशः आ वासून, कारण फोटो असा काढायचा की ट्रेन आपल्या तोंडात शिरतेय. विदर्भवीराने सहा ट्रेन खाल्ल्या, सहावी बरोबर बसली.

पण खरी मजा कट्ट्यावर नाही, ट्रेनमध्ये आहे. तापिंगला लाईन २ पकडा आणि डाव्या खिडकीशी उभे राहा. फोथुक्वानच्या उतारावर झाडीतून खाली येते, लीत्झपाच्या पोटात शिरते, बाहेर पडली की च्यालिंग नदीच्या अगदी काठाकाठाने खांबांवरून जात राहते. शेजारी एक काकू मांडीवर कोंबडीच्या खोक्यासह डुलक्या घेत होत्या, त्यांनी एकदाही बाहेर बघितलं नाही. तिकीट काही युआन. चाळीस-पन्नास रुपयांत असली सहल मी आजवर केलेली नाही.

संध्याकाळी होंग्या-तोंग. नदीकाठच्या कड्याला चिकटवलेली अकरा मजली लाकडी दिसणारी वास्तू, खांबांवर तोललेल्या जुन्या घरांच्या धर्तीची. खालच्या मजल्यातून बाहेर पडलं की नदीकाठचा रस्ता, अकराव्यातून बाहेर पडलं की तिथेही हमरस्ता. दिवे लागले की सोन्याचा देव्हारा पेटल्यासारखं दिसतं, खोटं बोलणार नाही, मी पण 'वा' म्हणालो. पण हे काही पुरातन वगैरे नाही बरं का, २००६ साली उघडलेलं आहे, आणि आत शिरलात तर मॅग्नेट, सुकं मांस आणि गर्दी. समोरच्या छ्यानस्मन पुलावर जाऊन लांबून बघा आणि सुटा. मोठ्या सुट्ट्यांमध्ये लोकांना चालायला जागा म्हणून तो पूल गाड्यांना बंद करतात, यावरून गर्दीचा अंदाज घ्या.

मग हॉटपॉट. युद्धाच्या काळात बाँबपासून लपायला डोंगरात भुयारं खोदली होती, त्यातल्या कित्येकांत आता हॉटपॉटची दुकानं आहेत, आम्ही तसल्याच एकात गेलो. मे महिन्याच्या उकाड्यात आत गार. मधोमध कढई, तिच्यात जाळीचे नऊ कप्पे, रस्सा लालभडक आणि वर तरंगणाऱ्या मिरच्या एवढ्या की खालचं पाणी दिसत नाही. मूळ रस्सा गाईबैलाच्या चरबीत असतो, ते आम्हाला चालत नाही म्हणून तेलातला मागितला (छिंग-यौ म्हणायचं). वेटरने विचारलं तिखट किती, विदर्भवीर म्हणाला फुल्ल. वेटरने माझ्याकडे बघितलं, मी दोन बोटांत चिमूट दाखवली, तो स्वतःच्या मनाने मधलं काहीतरी लिहून घेऊन गेला.

तिखटाचं काही नाही हो, तिखट आपण खातो. तिखटासोबत ते ह्वाज्याव असतं, सिचुआनी मिरी. पहिल्या दोन घासांना काही नाही. तिसऱ्याला ओठांना मुंग्या. पाचव्याला जीभ आपली राहत नाही, दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर होते तशी, आणि वर पाणी प्यालं तर पाणी आंबट-खारट काहीतरी लागतं. विदर्भवीर सातव्या घासाला गप्प झाला. नवव्याला चष्मा काढला. मग बराच वेळ भुयाराच्या छताकडे बघत बसला. मी विचारलं काय रे सावजी, तर म्हणाला धूर आहे इथे.

रविवारचं नंतर लिहितो, आत्ता झोपतो. काही विचारायचं असेल तर विचारा.

---

गोधडी

कसलं भारी लिहिलंय! ती लसूणवाली आजी डोळ्यासमोर उभी राहिली. फोटो टाकाच. आणि रविवारचं लवकर लिहा, अर्धवट धागे सोडून पळून जाणाऱ्यांची इथे परंपरा आहे.

---

पावणेदोन

छान. एकच, ती बिल्डिंग. लोकांना वाटतं उभ्या बिल्डिंगला भोक पाडून ट्रेन घातली. तसं नाही. डोंगर आणि नदी यांच्यामध्ये जागाच इतकी चिंचोळी होती की ट्रेनचा मार्ग आणि बिल्डिंग दोघांचं डिझाईन एकत्र केलं, बांधलंही बरोबरच. ट्रेनचे खांब वेगळे, बिल्डिंगचे वेगळे, एकमेकांना टेकत नाहीत, त्यामुळे वरच्या लोकांच्या घरात भांडी हलत नाहीत. लाईन २ सुरू झाली २००४-०५ मध्ये, तंत्रज्ञान हिताचीचं. मोनोरेलच का, तर रबरी चाकं चढ चांगला घेतात आणि वळणं आवळ असली तरी चालतं.

---

कर्जत_लोकल

मोनोरेल म्हटलं की मुंबईकराच्या काळजात कळ येते. आपलीही २०१४ ला सुरू झाली, चेंबूर ते वडाळा, पुढचा टप्पा २०१९ ला. मग २०२५ च्या सप्टेंबरात अपग्रेडसाठी बंद ठेवली. आणि तिकडे लोक आ वासून ट्रेन खातायत. आपल्याकडे प्रवासी आ वासून ट्रेनची वाट बघायचे.

---

पावणेदोन

@कर्जत_लोकल, तुलना थोडी अन्यायाची आहे. चोंगचिंगची मोनो गर्दीच्या भरवस्तीतून जाते आणि दुसऱ्या मेट्रो लाईनना जोडलेली आहे. लाईन ३ सुद्धा मोनोच आहे, ती तर एअरपोर्टपर्यंत जाते आणि जगातली सगळ्यात लांब मोनो म्हणून ओळखली जाते. आपली जिथून निघायची आणि जिथे पोचायची तिथे जाणारे कमी. दोष रुळाचा नाही, आखणीचा.

---

कर्जत_लोकल

मान्य. पण रडू द्या की जरा.

---

वाळूघड्याळ

चोंगचिंग जगातलं सगळ्यात मोठं शहर आहे ना? ३ कोटी २० लाख लोकसंख्या वाचली होती कुठेतरी.

---

चेंगदूकर

@वाळूघड्याळ, तो आकडा बरोबर आहे पण शहराचा नाही. १९९७ मध्ये सिचुआन प्रांतातून तोडून चोंगचिंग थेट केंद्राच्या अखत्यारीत घेतलं, तेव्हा सोबत भलामोठा मुलूख दिला. साधारण ८२ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पावपेक्षा जास्त. त्यात शेतं, डोंगर, खेडी, थ्री गॉर्जेसचा भाग, सगळं आलं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नगर मिळून त्याला 'पुणे शहर' म्हणायचं आणि मग जगात मोठं म्हणून मिरवायचं, तसला प्रकार. खरं सलग शहर त्याहून बरंच लहान. तरी आपल्याला दमवायला पुरतं.

---

रातांबा

ह्वाज्याव म्हणजे आपलं तिरफळच की हो! अगदी तेच झाड नाही, पण एकाच कुळातलं, झँथोझायलम. आमच्याकडे बांगड्याच्या तिकल्यात तिरफळ नसेल तर आजी ताटावरून उठेल. आपण पण आतली काळी बी काढून टाकतो आणि वरचं साल तेवढं वापरतो, तिकडेही तसंच. फरक इतकाच की आम्ही चार-पाच तिरफळं ठेचून आमटीत सोडतो आणि ताटात आलं तर बाजूला काढतो, ते लोक मूठमूठ घालतात. तुमच्या मित्राला म्हणावं नागपूरहून चीनला जाण्याआधी एकदा मालवणात थांबला असतास तर लाज राखली असतीस.

---

गोधडी

@रातांबा, अगदी! गोव्याला मैत्रिणीकडे तिरफळ घातलेली उडदमेथी खाल्ली होती तेव्हा मी चुकून एक अख्खं चावलं आणि मला वाटलं मला काहीतरी होतंय, नवऱ्याला म्हटलं माझा ओठ सुजलाय का बघ. सगळे हसायला लागले.

---

निवांत_पोपट

शाकाहारी माणसाचे किती हाल होतात? आम्ही दोघं साठीच्या पुढचे, लेक शांघायला असते, ती म्हणते चला. कांदा-लसूण चालतं पण मासमच्छी अंडं नाही.

---

चेंगदूकर

@निवांत_पोपट काका, हाल होतील पण उपाशी नाही राहणार. "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी. पण नुसतं तेवढ्यावर विसंबू नका, भाजीच्या ताटलीत खिमा भुरभुरलेला असतो आणि त्यांच्या मते ती भाजीच असते. हॉटपॉटला अर्ध्या-अर्ध्या कप्प्याचं भांडं मिळतं, एका बाजूला मशरूमचा पांढरा रस्सा, त्यात कमळकाकडी, बटाटा, टोफू, पालेभाज्या, झकास लागतं. रस्सा कशात केलाय ते मात्र विचारायचंच. बौद्ध मठांच्या आसपास शुद्ध शाकाहारी हॉटेलं असतात, लेकीला शोधायला सांगा. सकाळचे श्याव-म्येन नूडल्स सुद्धा, वाटाणे घालून, मांस नको आणि सूप हाडांचं नको असं लिहूनच दाखवा. आणि मेथीचे ठेपले आणाच, मी सुद्धा आणतो.

पैशांचं: निघण्याआधी अलीपेवर तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून घ्या. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, वर गेलात तर ३ टक्के. आपल्या यूपीआयसारखंच, संत्रीवालीकडे पण क्यूआर. रोख घेतात, पण सुट्टे शोधताना त्यांची तारांबळ उडते. आणि १० दिवस विनाव्हिसा ट्रान्झिटची जी सवलत युट्यूबवर सांगतात ती भारतीय पासपोर्टला नाही, व्हिसा काढूनच या.

---

चेंगदूकर

हं, आता रविवार. गोधडी ताईंनी टोमणा मारल्यामुळे आजच लिहितो.

सकाळी उठून ल्यांगलुखौच्या मोठ्या एस्कलेटरवर गेलो. ११२ मीटर लांब, ५२ मीटर उंचीचा एकच सरकता जिना, १९९६ पासून चालू, २ युआन तिकीट. वरचं शहर आणि खालचं जुनं रेल्वे स्टेशन जोडायला केलेला. वरून उतरताना लोक तोल जाऊ नये म्हणून जरा मागे रेलून उभे राहतात, सगळी रांगच्या रांग मागे कललेली. तसाच खाय-श्वान रस्त्यावर एक सार्वजनिक लिफ्ट आहे, १९८६ पासूनची, तिचं एक युआन तिकीट, लिफ्टमध्ये तिकीट काढून बसायचं! शेजारी जिना फुकट आहे, पण त्या जिन्याकडे बघितलं आणि एक युआन दिला.

मग पाय-श्यांग-ज्यू. ही रोपवेच्या जवळची जुनी राहती इमारत. चोवीस मजले, लिफ्ट नाही. परत वाचा. चोवीस मजले आणि लिफ्ट नाही. गोम अशी की पहिल्या, दहाव्या आणि पंधराव्या मजल्यावरून वेगवेगळ्या रस्त्यांना बाहेर पडता येतं, त्यामुळे कुणालाच चोवीसच्या चोवीस चढावे लागत नाहीत. चोविसावा मजला म्हणजे पंधराव्यावरून नऊ. आत शिरलात तर गिरगावातल्या चाळीसारख्या लांब गॅलऱ्या, एका इमारतीतून दुसरीत जाणारे पूल, वाळत घातलेले कपडे, दारात चपला, कुठेतरी तेलात मिरची पडल्याचा ठसका.

हल्ली फोटोवाल्यांची झुंबड असते, भिंतीवर शांतता राखा म्हणून पाट्या. एक पोरगी फुग्याच्या बाह्यांचा ड्रेस घालून जिन्यात पोझ देत होती आणि खालून एक आजोबा येत होते, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, एकीतून पातीचा कांदा बाहेर आलेला. फोटो संपेपर्यंत ते थांबले. जिन्याच्या वळणावर एक जुनी लाकडी खुर्ची ठेवलेली होती, पाठीला सुतळीने बांधलेली, तिच्यावर बसले. त्यांनी बसायचीच ती जागा होती हे कळत होतं कारण खुर्चीशेजारी भिंतीच्या खिळ्याला पिशवी अडकवायची सोय होती आणि त्यांनी न बघता पिशवी अडकवली. आम्ही "कोणता मजला" म्हणून खुणेने विचारलं तर त्यांनी बोटांनी दोन आकडे दाखवले, एकदा वर बोट करून, एकदा खाली. वरून मोजलं तर हा, खालून मोजलं तर तो. मी तेव्हाच मजला मोजायचं सोडलं. क्वेशिंग-लौ म्हणून एक इमारत आहे, तिथे तर चौकातून सपाट चालत गेलात आणि कठड्यावरून वाकलात की तुम्ही बाविसाव्या मजल्यावर. तिथे फोटोसाठी रांग, इथे आजोबा आणि खुर्ची. मला आजोबा पटले.

दुपारी रोपवे. १९८७ चा, ११६६ मीटर, यांगत्झे ओलांडून पलीकडे. पूर्वी नदीपल्याडची माणसं यातूनच कामाला यायची, आता पूल झालेत आणि रांगेत सगळे पर्यटक. तासभर उभे राहिलो, आत पाच मिनिटंही नसू, त्यातही माझ्या तोंडापुढे कुणाचा तरी सेल्फी-दांडा. नका जाऊ, किंवा भल्या पहाटे जा.

शेवटी छाओ-थ्येन-मन, दोन नद्यांचा संगम. हिरवट च्यालिंग आणि मातकट यांगत्झे, थोडं अंतर दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहतं, मधे रेघ. मागे काचेचे आठ मनोरे, त्यातल्या चारांच्या डोक्यावर ३०० मीटर लांब आडवी काचेची नळी, मोशे साफ्दी या वास्तुकाराचं काम. संगमावरून ते बघताना मान दुखते. पण त्याच पायऱ्यांवर एक साठीचा माणूस बांबूच्या दांडीला दोन्हीकडे खोकी लटकवून चढत होता. यांना इथे पांग-पांग म्हणतात, पांग म्हणजे दांडकं. आपली कावड. एके काळी हे हजारोंनी होते, कारण चाकाचं काही चालतच नाही या शहरात, आता लिफ्ट आणि डिलिव्हरीवाल्यांमुळे संपत आलेत. दर दहा पायऱ्यांवर खांदा बदलत होता, दांडी मानेमागून गोल फिरवून, खोकी जराही न हलता.

---

शेंगाचटणी

सोलापूरकर म्हणून लिहिणं भाग आहे. तुम्ही ज्या भुयारात हॉटपॉट खाल्लंत तसल्या भुयारांच्या गावात आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस येऊन गेलेत. त्या वेळी आपल्याकडे चुंगकिंग लिहायचे. जपानी फौजा राजधानी नानचिंगवर चालून आल्यावर चीन सरकारने राजधानी इथे हलवली, ती १९४६ पर्यंत. त्या युद्धात चीनच्या मदतीला काँग्रेसने पाठवलेलं पाच डॉक्टरांचं पथक १९३८ च्या नोव्हेंबरात इथे पोचलं आणि जानेवारी १९३९ मध्ये पुढे येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या तळावर, निघालं. त्यांना चिनी नावं मिळाली तीही इथेच, शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे तान युन-शान यांनी प्रत्येकाच्या नावाला 'हुआ' जोडलं, म्हणजे चीन. कोटणीसांचं के दिहुआ झालं. डिसेंबर १९४२ मध्ये ते तिकडेच गेले, वय ३२. समाधी शिच्याच्वांगला. सोलापुरात त्यांचं घर स्मारक म्हणून आहे, येणारा चिनी पाहुणा तिथे डोकावतोच.

---

वाळूघड्याळ

+१. नेहरूही १९३९ च्या ऑगस्टमध्ये चुंगकिंगला होते, तिकडे महायुद्ध पेटलं म्हणून दौरा आवरता घेऊन परतले. त्याच वर्षीच्या ३ आणि ४ मे रोजी तिथे सगळ्यात भयंकर बाँबहल्ले झाले होते, म्हणजे नेहरू पोचले तेव्हा अर्धं गाव जळून गेलेलं असणार.

---

चेंगदूकर

@शेंगाचटणी, हे मला माहीतच नव्हतं!! कोटणीस माहीत होते, चोंगचिंग माहीत नव्हतं. आम्ही श्र-पा-थी म्हणून जुन्या पायऱ्यांच्या भागात गेलो होतो, आता पुन्हा बांधून २०२१ ला उघडलाय, सगळं चकाचक, आईस्क्रीमची दुकानं. तिथेच एक मोठं भुयार आहे, ५ जून १९४१ ला हल्ल्याच्या वेळी आत इतकी माणसं कोंबली गेली की गुदमरून आणि चेंगरून फार लोक मेले. त्याच्यासमोर आम्ही थांबलो होतो पण वरवर वाचून पुढे गेलो. आमच्या ऑफिसातल्या एका चिनी काकांना आज 'के दिहुआ' म्हणून बघितलं, उच्चार चुकला तरी त्यांना कळलं, आणि त्यांनी मला सिगरेट दिली. मी ओढत नाही. घेतली.

---

निवांत_पोपट

सगळं वाचून सौ. म्हणते आहे गुडघ्यांचं काय. किती चालणं होतं?

---

चेंगदूकर

@काका, खरं सांगायचं तर फोनने शनिवारी २७ हजार पावलं दाखवली आणि मजले किती ते तर त्यालाही झेपलं नाही. पण तुम्ही मे ते सप्टेंबर टाळा, गावाला भट्टी म्हणतात ते उगाच नाही, २०२२ च्या ऑगस्टमध्ये पेपै भागात ४५ अंश गेलं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला या. हॉटेल वरच्या शहरात घ्या, मेट्रोला लिफ्ट आहेत, टॅक्सी स्वस्त आहे. फक्त टॅक्सी बोलावताना आपण पुलाच्या वर आहोत की खाली हे आधी ठरवा. आमची गाडी बरोबर आमच्या डोक्यावर येऊन थांबली होती, ड्रायव्हर फोनवर ओरडतोय मी आलोय, आम्ही ओरडतोय आम्ही पण आलोय.

---

सावजी_रस्सा

नवीन आयडी काढून आलो, कारण बदनामी होऊन राह्यली. विदर्भवीर मीच. एक, मी रडलो नाही, चष्म्यावर वाफ आली होती. दोन, सहा नाही पाचच ट्रेन खाल्ल्या. तीन, त्या पथकात आमच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, सोलापूरवाल्यांनी त्यांचं नाव काहून नाही घेतलं? चार, यानं चिमूट दाखवली होती हे मले आत्ता इथं वाचून समजलं, म्हणजे मी जे खाल्लं ते फुल्ल नव्हतंच. पुढच्या महिन्यात पुन्हा चाललो मी. एकटा.

---

रातांबा

@सावजी_रस्सा, तिरफळं पाठवू का सरावाला? पत्ता द्या. कुठल्या मजल्यावरून मोजायचं तेही लिहा.